दानाचा केक

आमच्या आईच्या केकचं उज्जैनमध्ये मोठं नाव होतं, आणि आम्ही भावंडांनी तो कधी चाखला नव्हता. आईनंही नाही. केक असायचा महिला मंडळाच्या आनंदमेळ्यासाठी. तिथे त्याचा लिलाव व्हायचा. पैसे आधी निर्वासितांना गेले, पुढे अनाथ मुलींच्या शाळेला. म्हणजे ते दान, आणि दानाची वस्तू आपण आधी उष्टी करायची नाही, हे आईचं गणित सरळ होतं. साखर तेव्हा कंट्रोलची. घरातली सगळी त्या आयसिंगमध्ये जायची आणि आम्ही गुळाच्या चहावर दिवस काढायचो. चमचा चाटायला मागितला तर तोच पाठीत बसायचा.

केक तिला शिकवला मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. त्या गल्लीच्या टोकाला राहायच्या, कोंबड्या पाळायच्या, आणि आमच्याकडे त्यांचं येणंजाणं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या केकमध्ये अंडी होती. आईनं ती काढली आणि दही घातलं. पहिला केक भाकरीसारखा बसला. मग तिनं खाण्याचा सोडा घातला, पुढच्या वर्षी जरा जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. वाळूच्या कढईत डबा, खाली कोळसे, झाकणावर निखारे. केक दरवर्षी उंच होत गेला आणि टाळ्याही वाढत गेल्या. वरची नक्षी मात्र तिची स्वतःची. आमच्या पलंगावर भैरवगढच्या छापाची चादर असायची. तिच्यावरच्या कोयऱ्या आणि बुट्ट्या बघून ती कागदाच्या पुडीतून साखरेच्या रेघा ओढायची. त्या वेळी घरात शिंकायचीही बंदी होती.

लिलावात केक दरवर्षी एकाच घरी जायचा. देवास गेटपाशी कापडाचं दुकान असलेले शेठजी बोली लावायचे, बाकीचे दोन-तीन बोलींनंतर गप्प बसायचे. आईला वाटायचं, शेठजींच्या घरी तो एवढा आवडतो की दुसऱ्याच्या हाती लागू देत नाहीत. तिची पितळी परात चार दिवसांनी घासूनपुसून परत यायची, आणि रिकामी परत करायची नाही म्हणून तिच्यात गहू नाहीतर गूळ असायचा. आई तो गूळ प्रसादासारखा वाटायची.

मग मध्यभारत मोडलं, नव्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली आणि वडिलांच्या ऑफिसचा बाडबिस्तरा तिकडे हलला. आम्हालाही जायचं होतं. त्या वर्षीचा केक आईचा उज्जैनमधला शेवटचा, म्हणून तिनं तो असा सजवला की खुद्द शेठजींनी उठून हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "आज सामान बांधायचंय. शेठजींच्या घरून परात घेऊन ये, चार दिवस थांबायला वेळ नाही."

पुढचं दार बंद होतं म्हणून मी मागच्या गल्लीतून गेले. परात उकिरड्याशेजारी जमिनीवर होती. तिच्यात केक होता आणि केकमध्ये एका काळ्या कुत्र्याचं तोंड होतं. कोयऱ्या त्यानं चाटून साफ केल्या होत्या. शेठाणीबाई काठी घेऊन बाजूला उभ्या होत्या, दुसरे कुत्रे येऊ नयेत म्हणून.

शेठाणीबाईंनी मला पाहिलं आणि काठी पाठीमागे लपवली.

"बेटा, बोली तो हम दान के लिए लगाते हैं, पर अंडा नहीं खाते," त्या म्हणाल्या. "फेंकें तो अन्न का अपमान. इसलिए हर साल भैरव बाबा के कुत्ते को डाल देते हैं."

"पर इसमें अंडा कहाँ है?" मी म्हणाले. "माँ दही डालती है."

त्यांच्या हातातली काठी खाली पडली. आमच्याइतकीच सोवळ्यातली बाई ती. ब्राह्मणाच्या घरात अंडं कसं, हे त्यांनाही सुचायला हवं होतं. पण केक म्हणजे साहेबांचा पदार्थ, त्यातून शिकवणारी कोंबड्यावाली नर्स, आणि दान देणाऱ्याला असलं विचारायचं कसं? आणि आम्ही तरी आपणहून कशाला सांगू, आमच्याकडे अंडं नसतं हे काय सांगायला लागतं?

मी घरी जाऊन सगळं सांगितलं. आई ट्रंकेवर मटकन बसली. मला वाटलं, कुत्र्याचं ऐकून आता ही कोसळणार. पण कुत्रा तिच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता.

"अंडं?" ती म्हणाली. "माझ्या चुलीवर? म्हणजे इतकी वर्षं सगळे टाळ्या वाजवत होते आणि मनात हे समजत होते?"

वडील काहीतरी विनोद करायला गेले आणि तिच्याकडे बघून थांबले. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठाणीबाई स्वतः टांग्यातून आल्या, घासलेली परात आणि घरची साखर घेऊन. त्यांनी हात जोडले. एक केक आणखी करा, मी तुमच्यासमोर खाईन, नाहीतर हे पाप माझ्या डोक्यावरून उतरायचं नाही, असं म्हणाल्या. आई आधी ताठच होती. मग तिनं बांधलेली कढई सोडली. केक उंच फुगला. नक्षीला वेळ नव्हता, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच केकवर सुरी चालली.

शेठाणीबाईंनी मोठा तुकडा तोंडात घातला आणि त्यांचे डोळे विस्फारले. आईनं आपला तुकडा खाल्ला, आणि तिचं चावणं थांबलं. मग मी खाल्ला. कडूजहर. सोड्यानं जीभ चरचरली. त्या साखरेच्या कोयऱ्यांखाली आम्ही इतकी वर्षं हे दान करत होतो!

शेठाणीबाईंनी तुकडा संपवला, ताटलीतला चुरा बोटानं गोळा करून तोही खाल्ला आणि म्हणाल्या, "बहुत बढ़िया, बहनजी." आईनं मान खाली घातली. जाताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कशासाठी, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

टांगा वळल्यावर आई उंबऱ्यात बसली. उरलेला केक मांडीवर होता.

"त्या कुत्र्यानं पूर्ण खाल्ला होता का गं?"

"नाही," मी म्हणाले. "नुसतं वरचं चाटलं होतं. खालच्याला त्यानं तोंड लावलं आणि सोडून दिलं."

आईनं केकचा एक तुकडा मोडला आणि परत ठेवून दिला.

"मग इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "खरं सांगणारा तो एकटाच होता. आणि त्याला विचारायला कोणी गेलं नाही."