गगनवीर गुंडोपंत आणि लाल शाई

माझ्या वडिलांच्या हातून झालेल्या सर्वांत मोठ्या कामाला मी शंभरपैकी अडतीस गुण दिले होते. पास केले होते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

वडील, म्हणजे आमचे अप्पा, धारवाडच्या एका मराठी शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. मी लहान असताना त्यांनी हुबळीहून निघणाऱ्या एका मुलांच्या मासिकासाठी चित्रकथा काढली, 'गगनवीर गुंडोपंत'. रायापूरच्या माळावरून घरी बनवलेल्या यानात बसून गुंडोपंत शनीवर जातात, तिथल्या नऊ बोटांच्या राक्षसांशी लढतात आणि भूक लागली की डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढतात, अशी ती गोष्ट. तीन वर्षांत छत्तीस अंक निघाले. बेळगावपासून सोलापूरपर्यंतची पोरे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत. पुढे मासिक बंद पडले, छापखाना विकला गेला, उरलेले अंक रद्दीत गेले. पूर्ण संच एकच राहिला. तो आमच्या धारवाडच्या केलगेरीतल्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत.

गेल्या वर्षी मुंबईहून फोन आला. टीव्हीच्या मालिका बनवणाऱ्या एका कंपनीतली मीनल नावाची मुलगी बोलत होती.

"काका, माझे बाबा गुंडोपंतांवर वाढलेत. आम्हाला त्याची मालिका करायचीय. पण वाहिनीवाल्यांना मूळ अंक दाखवावे लागतील, छत्तीसच्या छत्तीस. अर्धवट गोष्ट ते घेणार नाहीत. तुमच्याकडे आहेत ना सगळे?"

"एकही पान इकडचं तिकडे झालेलं नाही," मी म्हणालो. (हे विधान तपासून केलेले नव्हते. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाने असे करू नये.)

अप्पा शेजारच्या खुर्चीत होते. वय शहाऐंशी. कान तसे कामापुरतेच चालतात, पण हा फोन त्यांना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकू आला.

"गुंडू टीव्हीवर येतो म्हणतंय काय ती पोरगी?"

"येतो म्हणते, अप्पा."

"मग मला एक नवा शर्ट आण. आणि लवकर करा म्हणावं तिला. गुंडू शनीवर पोचेपर्यंत मला हितंच थांबायला पाहिजे की."

हे त्यांनी हसत सांगितले. निवृत्तीनंतर या माणसाने कधी काही मागितले नव्हते. मी त्याच दुपारी शर्ट आणला आणि संध्याकाळी ट्रंक उघडली.

पहिला अंक उचलला. मुखपृष्ठावर गुंडोपंतांचे यान आकाशात झेपावत होते. यानामागून सुंदर धूर निघत होता. आणि त्या धुरावर लाल शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिले होते : 'एवढ्या उंचीवर धूर असा वर जाणार नाही. मुळात वर म्हणजे कुठे? दोन गुण वजा.'

अक्षर माझे होते.

खुलासा करणे भाग आहे. तेविसाव्या वर्षी मला दुसऱ्या एका शाळेत नोकरी लागली. पहिल्या वर्षाचे पेपर तपासून झाले, मे महिन्याची सुट्टी लागली आणि माझ्या हातात नवीकोरी लाल पेनची पेटी शिल्लक राहिली. हात शिवशिवत होते. आमच्या घरात आजोबा मास्तर, अप्पा मास्तर, आत्या मास्तरीण. या घरात भाजीच्या पिशवीवरचे छापील शब्दसुद्धा तपासले जात. अशा घरात छत्तीस अंक बिनतपासलेले पडलेले मला बघवले नाहीत. दुपारी सगळे झोपले की मी एकेक अंक तपासायचो. कौतुकाच्या अपेक्षेने नव्हे, निव्वळ कर्तव्य म्हणून! सुट्टी संपल्यावर ट्रंक बंद केली आणि पुढच्या चाळीस वर्षांत सगळे साफ विसरलो.

आता पाने उलटत गेलो. 'शनीच्या कड्यांवर सायकल चालवता येणार नाही. कडी घन नाहीत.' 'राक्षसाला मागील अंकात नऊ बोटे होती, येथे आठ. निष्काळजीपणा.' 'भाकरी तोंडात घालताना शिरस्त्राणाची काच कोठे गेली?' आणि शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर, जिथे गुंडोपंत पृथ्वीवर परततात आणि अख्खे रायापूर त्यांना ओवाळते, तिथे एकूण गुण अडतीस आणि खाली शेरा : 'कल्पनाशक्ती बरी. विज्ञान कच्चे. पालकांना घेऊन येणे.'

माझी बायको सुलभा मागे येऊन उभी होती. तिने शेरा वाचला.

"पालक म्हणजे कोण? तुमचे आजोबा?"

"तेव्हा होते ते."

"धन्य आहे तुमची."

मीनल यायला चार दिवस होते. मी डोके शांत ठेवले. शाई म्हणजे रंगद्रव्य, रंगद्रव्य म्हणजे रसायन, आणि रसायनाला उतारा असतो. न्हाणीघरातून पांढरे कपडे धुवायचे ब्लीच आणले, कापसाच्या बोळ्याने एका पानावर अलगद फिरवले. लाल शाई गेली. तिच्यापाठोपाठ गुंडोपंतांचे तोंडही गेले. शिरस्त्राण राहिले, मिशी राहिली नाही, नाक राहिले नाही. (तत्त्व बरोबर होते. तीव्रता चुकली.)

दुसऱ्या दिवशी मी व्हाइटनरची बाटली आणली. चार शेरे झाकले, तर शनीवर बर्फ पडल्यासारखे दिसू लागले. शिवाय तो रंग वाळेना. म्हणून अंक गच्चीवर दोरीला चिमटे लावून टांगला. केलगेरीच्या तळ्यावरून वारा आला आणि दोन पाने शेजारच्या आवारात जाऊन पडली. तिथे म्हैस बांधलेली होती. एक पान मी तिच्या तोंडातून ओढून काढले. त्या पानावर नऊ बोटांचा राक्षस होता. आता सहा बोटांचा आहे.

शेजारचे बसवण्णा गोठ्याच्या दारात उभे राहून हे सगळे शांतपणे बघत होते.

"एन सर, काय चाललंय? म्हशीची परीक्षा घ्यायलात काय?"

मी दोन्ही पाने घेऊन कंपाउंडवरून परत आलो. सुलभाने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "चाळीस वर्षांपूर्वी तुमचे हात बांधायला मी नव्हते," ती म्हणाली. "आता हात लावलात त्या अंकांना तर बघा. सरळ जाऊन अप्पांना सांगा."

सरळ जाऊन सांगणे मला जमले नाही. अप्पा रोज सकाळी दाढी करून, नवा शर्ट अंगाला लावून आरशात बघत आणि पुन्हा घडी घालून ठेवत. त्यांना काय सांगू? की तुमच्या गुंडूला मी नापास होता होता वाचवले? मी सगळे अंक ज्वारीच्या पिंपात घातले, वर ज्वारी ओतली आणि झाकण लावले.

मीनल आली. सुलभाने चुरमुऱ्यांचे गिरमिट आणि मिरची भजी केली होती. अप्पा नवा शर्ट घालून, केस बसवून खुर्चीत ताठ बसले होते. मीनलने त्यांना वाकून नमस्कार केला, पहिले भजे खाल्ले आणि विचारले, "काका, अंक बघूया?"

मी भज्यांची बशी तिच्याकडे सरकवली. "वाळवी लागली."

"कशाला?"

"ट्रंकेला. सगळंच गेलं. कालच कळलं."

सुलभा स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मीनलने भजे खाली ठेवले. अप्पांनी माझ्याकडे पाहिले.

"सगळे?"

"सगळे, अप्पा."

"इरली बिडो," अप्पा म्हणाले. जाऊ दे, असू दे. एवढेच. मग काठी घेऊन उठले आणि आत गेले. दाराच्या फटीतून मला दिसले, ते शर्टाची बटणे काढत होते. एकेक बटण, सावकाश. शर्टाची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली आणि कपाटात ठेवली.

मीनल म्हणाली, "मग अवघड आहे हो काका. मी मुंबईला सांगून बघते, पण..."

मला ते 'पण' सहन झाले नाही. मी पस्तीस बॅचेस शिकवल्या, शेकडो पोरांच्या खोट्या सबबी पकडल्या, पण स्वतः सांगितलेली सबब मला पाच मिनिटेसुद्धा पेलली नाही. मी उठून कोठीच्या खोलीत गेलो, पिंपात कोपरापर्यंत हात घातले आणि छत्तीस अंक बाहेर काढले. बैठकीत येईपर्यंत वाटभर ज्वारी सांडली.

"वाळवी नव्हती," मी म्हणालो. "मीच होतो."

मीनलने पहिला अंक उघडला. पान उलटले. आणखी एक उलटले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. पाचव्या अंकावर तिचे खांदे हलू लागले. मला वाटले, पोरगी रडते आहे. मी पाणी आणायला उठलो, तर ती फिस्सकन हसली. शेवटच्या पानावरच्या 'पालकांना घेऊन येणे' पर्यंत पोचली तेव्हा ती सोफ्यावर आडवी झाली होती आणि सुलभा तिची पाठ थोपटत होती.

"काका, हे तुम्ही खरंच लिहिलंत? सिरियसली?"

"अर्थात. चुका होत्या."

तेवढ्यात आतून आवाज आला. अगदी माझा आवाज. नाकातून येणारा, प्रत्येक शब्दावर पाय देऊन चालणारा. "एवढ्या उंचीवर धूर असा वर जाणार नाही. मुळात वर म्हणजे कुठे?"

दारात अप्पा उभे होते. बनियनवर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, एक बोट हवेत धरून, भुवया उचलून. मी असा दिसतो हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, त्याच जूनमध्ये ट्रंक उघडली की मी. अंक शाळेत घेऊन गेलो होतो. स्टाफरूममध्ये रोज मधल्या सुट्टीत एक शेरा वाचून दाखवायचो, तुझ्या आवाजात. हेडमास्तर हसून हसून बाकावरून पडले एकदा. रिटायर होईपर्यंत चाललं ते." मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "छत्तीस अंक एवढं बारीक वाचणारा दुसरा कोण भेटला मला? राग कशाचा धरू?"

 मी खाली बसून ज्वारी वेचू लागलो.

ब्लीचने धुतलेले पान अप्पांनी मांडीवर घेतले, पेन मागितले आणि रिकाम्या शिरस्त्राणात गुंडोपंतांचे तोंड पुन्हा काढले. हात थरथरत होता, त्यामुळे त्या एका पानावर गुंडोपंत बरेच थकलेले दिसतात. शनीवर जायचे म्हणजे ते व्हायचेच.

वाहिनीने मालिका घेतली, आणि लाल शाईसकट घेतली. ठरले असे की गोष्ट चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक खडूस मास्तर उगवणार, लाल पेनाने चुका दाखवणार आणि गुण कापणार. माझे शेरे, अक्षरशः जसेच्या तसे. 'हा लाल मास्तर म्हणजेच मालिकेचा जीव,' असे मीनल म्हणाली. मी घरात दोन दिवस जरा ताठच चालत होतो.

मास्तराच्या भूमिकेसाठी हुबळीत, देशपांडे नगरातल्या एका सभागृहात, माणसे बघायचे ठरले. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बोलावण्याचे कारण मला समजले नाही, पण रीत म्हणून मी हरकत घेतली नाही. अप्पांना सोबत नेले, घरी एकटे नकोत म्हणून. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "शनीच्या कड्यांवर सायकल चालवता येणार नाही."

दिग्दर्शक तरुण होता, पण सभ्य. "छान. सर, जरा नैसर्गिक करूया?"

मी पुन्हा म्हणालो. नैसर्गिक.

"सर, थोडं जास्त होतंय. खरा माणूस असं बोलत नाही ना."

"मी असाच बोलतो."

"हो, पण पटत नाही."

तिसऱ्या वेळी मी त्याला कड्यांची रचना समजावून सांगितली. त्याने कॅमेरा बंद केला. मागच्या रांगेत अप्पा चहात बिस्कीट बुडवत बसले होते. तिथूनच, मान वर न करता, त्यांनी तो संवाद माझ्या आवाजात म्हटला. आधी कॅमेरामन हसला, मग प्रकाशवाला, मग दिग्दर्शक खुर्ची उचलून अप्पांच्या समोर जाऊन बसला.

मालिका सुरू होऊन आता तीन महिने झाले. अप्पा रोज संध्याकाळी नवा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतात आणि स्वतःला बघून खूश होतात. गुंडोपंत अजून शनीवर पोचलेले नाहीत, वाहिनी भाग लांबवते आहे, आणि अप्पांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

परवा मी धारवाडच्या बाजारात भाजीवाल्या अक्कांना टोमॅटो हे शास्त्रीयदृष्ट्या फळ कसे आहे, ते समजावून सांगत होतो. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ बराच वेळ कौतुकाने ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"सर, त्या टीव्हीवरच्या म्हाताऱ्या मास्तरांची नक्कल चांगली करता हो तुम्ही," ते म्हणाले. "थोडं कमी पडतंय अजून. पण करत राहा, जमेल."