हेटीच्या नावावरचा भार

विनी बॅराक्लफचा स्वभावच मुळी काळजीचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची, मग परत येऊन कुलूप ओढून बघायची. गिरणीत कापडातल्या गाठी काढायचं तिचं काम, त्यात घोर लावून घेण्यासारखं काय असणार? पण चॅपलचा ऑर्गन तिच्याकडे आला आणि काळजीला आयतं घर मिळालं. दर रविवारी पहिला सूर लागेपर्यंत ती भजनाचं पान तीन-तीनदा उघडून बघायची. यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यातली माणसं बोलायला भारी कंजूष, पण गायला मोकळी. आणि गाण्यात कुणी चुकलं, की आठवडाभर त्याची सालटी काढायची.

ऑर्गन तिला बापानं शिकवला. बोटं चालवायच्या आधी त्यानं तिला ओळी चालायला लावल्या. लाकडी तळाचे बूट घालून पोरीला स्वयंपाकघरात उभं करायचा आणि सांगायचा, "ओळीला पाय असतात, विनी. काही ओळी आधी हलका पाय टाकतात, मग जड. काही पहिलाच पाय दाणकन जड टाकतात. नुसती अक्षरं मोजून हे कळत नाही. आधी मोजायचं, मग चालून बघायचं." मग बापलेक फरशीवर खाडखाड करत टेबलाभोवती फिरायची आणि आई म्हणायची, "एका घरात दोन खुळी, माझं नशीब."

एझरा सटक्लिफ गेला तो मंगळवारी. गिरणीतले माग दुरुस्त करायचा, चॅपलमध्ये खर्जात गायचा. विनी भेटायला गेली तेव्हा त्याची बायको हेटी डुकराच्या मांडीचा भला मोठा हॅम कापायला पुढ्यात घेऊन बसली होती. हॅम वाढला नाही तर माणूस धड पुरलाच नाही असं मानणारी ती माणसं, त्यामुळे आधी हॅम, मग रडणं. सुरी खाली ठेवून हेटीनं एक कागद पुढे केला. आजारपणात एझरानं चार-चार ओळींची दोन कडवी लिहिली होती.

"हे शुक्रवारी सगळ्यांनी म्हणायचं," हेटी म्हणाली. "आणि त्याच्याच चालीवर, विनी. दाढी करताना म्हणायचा ना, त्या. बसतंय का बघ. नसेल बसत तर आत्ताच सांग."

विनीनं भजनांचं पुस्तक काढलं. पुस्तकाच्या शेवटी सगळ्या चाली अक्षरांच्या हिशेबानं लावलेल्या असतात. एझराची चाल आठ-सात, आठ-सात अशी, एका ओळीत आठ अक्षरं, पुढच्या ओळीत सात. टेबलाखाली बोटांवर तिनं कवितेची अक्षरं मोजली. आठ-सात, आठ-सात. समोर हेटीचे डोळे सुजलेले, नाक लाल झालेलं. अशा वेळी उठून फरशीवर कोण चालून बघणार?

"बसतंय," विनी म्हणाली. "अगदी बसतंय."

हेटीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. संध्याकाळी ती स्वतः छापखान्यात जाऊन कागद देऊन आली.

गुरुवारी तालमीला विनीनं चाल वाजवली आणि पहिल्याच ओळीला तिच्या तोंडचं पाणी पळालं. चाल आधी हलका पाय टाकणारी, कविता आधी जड. अक्षरं बरोबर तेवढीच, पण शब्दात जिथे जोर द्यायचा तो एकूण एक भार उलटा. दुसरं कडवं तर बायकोच्या नावानंच सुरू होत होतं. हेटी, चहाचं आधण ठेव, मी पुढे होऊन दार उघडतो, असा मायेचा मजकूर. त्यांच्या बोलण्यात 'हेटी'चा सगळा भार 'हे'वर, 'टी' नुसती मागून येते. आणि इथे 'हे' गिळला गेला, 'टी' मात्र उंच जाऊन लांबली. हटीऽऽऽ.

खर्जातला सेथ ग्रीनवुड हसला. "विनीबाई, एझराला पुरतोय की डोंगरावरून शेळी बोलावतोय?"

सगळा कोरस फिसकन हसला. विनीचे कान तापले. पुढे एखादं अक्षर जोडावं, तर शेवटचं बाहेर लोंबतं. चालीचा पहिला सूर गाळावा, तर शेवटाला सूर कमी पडतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भर चॅपलमध्ये, नवऱ्याच्या शवपेटीसमोर, हेटीच्या नावावर कुणी हसलं तर? आणि ते कुणामुळे? आपण बसतंय म्हणालो म्हणून.

"एझरा तरी म्हणत कसा असेल हे?" तिनं विचारलं.

"त्याला ताल कुठे होता?" सेथ म्हणाला. "उभा जन्म तो आमच्या मागून चालला. हेटीला सांगून टाक आणि दुसरी चाल घे."

सांगून टाक म्हणे! उद्या नवऱ्याला माती द्यायची असलेल्या बाईला जाऊन सांगायचं, की तुझ्या माणसाची कविता आणि चाल यांची गाठच पडत नाही? विनी तिच्या दारापर्यंत जाऊन आली. आत बायका भांडी लावत होत्या, हेटीचा आवाज येत होता. विनीचा हात कडीपर्यंत गेला आणि परत फिरला. मग तिनं जड पायाची दुसरी चाल निवडली, कोरसला बजावून ठेवलं, आणि हेटीपुढे मूग गिळले. डोळ्यांत पाणी असताना चाल कुणाला कळते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. काळजी करणारी माणसं दुसऱ्याला विचारायचं तेवढं सोडून बाकी सगळं करतात, दुसरं काय!

शुक्रवारी चॅपल भरलं. ऑर्गनवर एक छोटा आरसा लावलेला, त्यात विनीला पाठीमागची माणसं दिसायची. तिनं नवी चाल वाजवली. हेटीनं मान वर करून थेट आरशात पाहिलं. पहिलं कडवं सगळ्यांनी झकास म्हटलं, एक भार इकडचा तिकडे नाही. हेटीचं तोंड मात्र मिटलेलं.

दुसरं कडवं आलं. सगळ्यांनी 'हेटी' म्हटलं, अगदी शुद्ध. आणि त्यांच्या आवाजाला छेद देत एक बारीक, कापरा आवाज दुसऱ्याच चालीवर निघाला. हटीऽऽऽ. पुढच्या बाकाला धरून हेटी उभी होती आणि एझराची चाल म्हणत होती, उलट्या भारासकट. आधी शेजारची गप्प झाली, मग मागची. विनीचे हात पट्ट्यांवरून उठले. अख्ख्या चॅपलमध्ये हेटी एकटी गात राहिली, अडखळत, प्रत्येक शब्दाचं चुकीचं टोक वर उचलत. कुणी हसलं नाही. ओळ संपायच्या आत विनीनं तिचा सूर शोधला आणि ऑर्गनवर ती तिच्यामागून चालायला लागली. नंतर सेथनं खर्ज लावला. कडवं संपल्यावर हेटीनं ते पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि या खेपेला सगळ्यांनी 'हटी' म्हटलं.

नंतर हॅम वाढताना विनी तिच्याजवळ गेली. "हेटी, माझं चुकलं. भार उलटा पडत होता गं. लोक हसतील म्हणून मी..."

"ठाऊक आहे मला," हेटी म्हणाली. "कान आहेत मला. लग्न झालं तेव्हापासून त्या चालीत माझं नाव असं चुकीचंच म्हणायचा तो." तिनं विनीच्या ताटलीत हॅमचा तुकडा घातला. "तू मला विचारायचं होतंस, विनी. बरोबर नाव काय, सगळं गाव घेईल. त्याच्यासारखं चुकीचं आता कोण घेणार माझं?"