पिंजाऱ्याची शेरवानी

खामगावच्या बँकेत मी कर्ज मागणाऱ्यांची पत तपासायचो. उसना कोट घालून कोण आलंय, हे मी दारातूनच ओळखायचो, आणि त्या नजरेचा मला भारी ताठा होता. पावसाने दोन वर्षं दगा दिला, तेव्हा परदेशातून मदत आणणाऱ्या एका संस्थेने जानेफळला केंद्र उघडलं. त्यांना माणसं पारखणारा कारकून हवा होता. मी बँक सोडली. घरचे म्हणाले, भरल्या ताटावरून उठलास. मला वाटलं, चार माणसांच्या उपयोगी तरी पडेन.

केंद्रात विलायती दुधाचे डबे आले होते. डबे थोडे, मागणारे फार. खरा गरजू कोण, ते मी ठरवायचं.

एके सकाळी गावातला पिंजारी आला. कापूसच पिकला नव्हता, तर तो पिंजणार काय? पण अंगात काळी शेरवानी होती.

"साहेब, बायको बाळंतीण हाय. तिचं दूध आटलं. लेकरासाठी डबा पाह्यजे."

शेरवानीच्या बाह्या त्याच्या बोटांवर आल्या होत्या. बँकेत असतो तर तेवढ्यावरून ओळखलं असतं. पण इथे मी लबाड शोधायला बसलो होतो. मला नुसतं कापड दिसलं.

"शेरवानी घालून फुकटचं दूध मागता?" मी म्हणालो. रांगेतले दोघे हसले. मलाही बरं वाटलं, त्याची आज शरम वाटते.

"हाव, साहेब," एवढंच म्हणून, सलाम करून तो गेला.

आठवड्याने तीच शेरवानी पुन्हा समोर आली. आता बाह्या बरोबर मनगटापर्यंत होत्या. घालणारा पिंजाऱ्याचा शेजारी होता, फळं विकणारा बागवान.

"ही शेरवानी तुमची?"

"हो. माह्या लग्नातली. गावात ज्याले साहेबापुढे जायचं, तो हीच घालून जाते. पिंजाऱ्याले मीच देली होती. फाटक्या कपड्यानं कसं यावं माणसानं?"

"त्याचं लेकरू कसं आहे?"

"जुम्म्याले दफन केलं. त्याले डबा काऊन नाही भेटला, साहेब? घरी येऊन तो काही बोललाच नाही."

"डबे संपले होते," मी म्हणालो.

माझ्या मागे भिंतीला डबे रचलेले होते. त्याने ते पाहिले, मग स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. एकेक बटण सोडून त्याने शेरवानी उतरवली, घडी करून काखेत धरली. आत फाटकी बंडी होती.

"त्याची बायको पडून हाय," तो म्हणाला. "आता तिच्यासाठी डबा द्या."