मी वाचलेला शेवट

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. देवळात एकटा बसलो तरी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण वाक्यात नाही. अर्ध्यावर आलं की दुसरंच काहीतरी आठवायचं — दुकानाचं शटर, कुणाची तरी नळी द्यायची राहिलीय — आणि मी सुटायचो. आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

माझं भिगवणला दुकान आहे, ठिबकच्या नळ्या आणि मोटारीच्या सामानाचं. बायको मंगल, माहेर कऱ्हाटीचं. आमची पोरगी नुकती दहावीला गेली होती, तेव्हा मंगलच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिस. हातात सुई टोचायची, रक्त नळीतून मशीनमध्ये जाणार, धुऊन परत येणार, आणि तोवर चार तास पडून राहायचं. जन्मभर नळ्या विकणारा माणूस मी, पण त्या नळीकडं मला बघवायचं नाही. मी तिच्या उशाशी स्टुलावर बसायचो आणि भिंतीवरची पाटी वाचायचो.

आमच्या वेळेला दोन माणसं ठरलेली असायची. एका बाजूच्या कॉटवर इंदापूरचे तात्या, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला लागले की स्टॉप घ्यायचे नाहीत. दुसऱ्या बाजूला बाई. शाळेत मराठी शिकवायच्या, आणि निम्मी बारामती त्यांना अजून बाईच म्हणायची. साखरेनं त्यांची किडनी गेली, डोळेही गेल्यातच जमा. किडनीचं त्यांना एवढं वाटायचं नाही, वाचता येत नाही याचं वाटायचं. एक दिवस त्यांनी पिशवीतून एक जाड कादंबरी काढून माझ्या हातात दिली, सुनेनं वाढदिवसाला दिलेली. म्हणाल्या, "विलासभाऊ, तुम्ही गावात पोथी वाचता म्हणे. मग ही वाचा. किती दिवस नुसतं छत बघायचं?"

पोथीचं खरं आहे. श्रावणात देवळात पोथी लागते. एकानं वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वडिलांच्या मागं वाचायचं माझ्याकडं आलं. त्यात नियम एकच — ओवी गाळायची नाही आणि पदरचा शब्द घालायचा नाही. अर्थ सांगणारा काय वाटेल ते सांगो, वाचणाऱ्यानं आहे तेच वाचायचं. ऐकणारा कधी उठून पोथी उघडून बघत नाही. त्याचा भरवसा असतो.

तर कादंबरी. साताऱ्याकडची रेवती नर्सिंग शिकायला इंग्लंडला जाते. तिथं तिला सॅम्युएल भेटतो — मूळचा आफ्रिकेतला, घाना देशाचा, काळा, शहराच्या बसवर ड्रायव्हर. दोघांचं जमतं. दोन्हीकडची घरं बिथरतात. तरी लग्न होतं, आणि वर्षभरात रेवतीच्या किडन्या जातात.

तात्यांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला. "पोरीला दुसरं कुणी गावलं न्हाय व्हय? आफ्रिकेतला काळा माणूस. उद्या पोरं कुणाच्या वळणावर जायची?"

"तात्या, तुम्ही तरी कुठले गोरे लागून गेलात?" बाई म्हणाल्या. मंगल किती तरी दिवसांनी हसली.

मग सॅम्युएल बस चालवतो हे कळलं आणि तात्या जरा निवळले. ड्रायव्हर म्हणजे खात्यातला माणूस. बर्फात बस बंद पडते आणि तो म्हाताऱ्या प्रवाशांना हाताला धरून एकेकाच्या दारापर्यंत पोचवून येतो, ते प्रकरण त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तरी लग्न पटलं नव्हतं. "ड्रायव्हर म्हणून एक लंबर. जावई म्हणून न्हाय चालायचा." पण पुढं पुढं हे म्हणतानाचा जोर कमी झाला होता, हे मी स्वतः ऐकलंय.

बाईंचा राग रेवतीवर. पोरगी दुखणं लपवते, एकटीच दवाखान्यात जाऊन येते, नवऱ्याला सांगत नाही. "प्रेम आहे आणि विश्वास नाही, हे कसलं प्रेम?" मंगलला रेवतीचंच बरोबर वाटायचं. "सांगून काय करायचं, बाई? दुसऱ्याच्या जिवाला घोर." तिचं मत एवढंच. पण मी पुस्तक मिटलं की दर वेळी विचारायची, "त्यो तिला सोडून जाईल का वो?" परत येताना गाडीतसुद्धा विचारायची. मी म्हणायचो, पुढं वाचल्यावर कळेल. ती खिडकीतून ऊस बघत बसायची.

आता इथून अवघड आहे.

पुस्तक माझ्याकडंच असायचं, म्हणून मी दुकानात गिऱ्हाईक नसताना पुढचं वाचून ठेवायचो. शेवटाला सॅम्युएल कुणाला न सांगता तपासणीला जातो. त्याची किडनी रेवतीला जुळते. ती नको म्हणून रडते, भांडते, आणि तो देतो. पानंच्या पानं आहेत त्याची. मी ती काउंटरवर वाचली आणि मला दरदरून घाम फुटला. का फुटावा? आमच्या घरात तर सगळ्यांना ठाऊक होतं की माझी किडनी मंगलला जुळत नाही. रक्तगट एकच, पण आतलं काहीतरी जुळत नाही. मी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासून आलो होतो. सासूबाईंना ठाऊक, पोरीला ठाऊक, शेजारच्या दुकानदाराला ठाऊक. मीच सांगितलं होतं ना सगळ्यांना.

पुस्तक घरी विसरलो असं दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा मंगलनंच ते आठवणीनं पिशवीत घातलं.

मी वाचायला लागलो. सॅम्युएल दवाखान्यात जातो, तिथपर्यंत आहे तसं वाचलं. मग डोळे पानावर ठेवले आणि तोंडानं भलतंच बोलू लागलो. डॉक्टर म्हणाले, जुळत नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दोघं वेगळ्या वंशाची माणसं, तुमचं तिला चालणार नाही. तो रडला. ती म्हणाली, तू आलास हेच खूप झालं. मी पानं उलटत होतो, मधे थांबत होतो, आवाजसुद्धा कापरा केला. इतकी चांगली मी पोथीही कधी वाचली नव्हती.

वंशाचं माझ्या तोंडात कुठून आलं? तात्यांकडून आलं. त्यांना जे आधीपासून वाटत होतं तेच मी त्यांना वाचून दाखवलं, कारण ते लगेच खरं वाटणार होतं. आणि वाटलंच.

"बगा," तात्या उशीवरून मान उचलून म्हणाले. "म्या म्हणलं नव्हतं? रगत येगळं ते येगळंच. छापून आलंय आता."

बाई चिडल्या. "असं नसतं, तात्या. कातडीच्या रंगाचा आणि किडनीचा काही संबंध नाही. लिहिणाऱ्यानं चूक केलीय. एवढं छान लिहून शेवटाला माती केली."

दोघांची जुंपली. नर्स येऊन गप्प करून गेली. बाई लेखकाला नावं ठेवत होत्या, तात्या लेखकाची बाजू घेत होते, आणि त्यातलं एक अक्षर लेखकाचं नव्हतं.

मग मंगल बोलली. "पण गेला तर खरं त्यो. मला तर आवडला बाई शेवट. ह्ये बी गेलंवतं की पुण्याला. न्हाई जुळलं, त्याला त्ये तरी काय करत्याल?"

आणि तिनं सुई नसलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी गेलो नव्हतो. आता सांगूनच टाकतो. तपासणीच्या दिवशी सकाळी भिगवणहून गाडीत बसलो तो दौंडला उतरलो. मुद्दाम उतरलो नाही म्हणावं तर तेही खोटं. पुण्याची गाडी समोरून निघून गेली आणि मी बाकावर बसून राहिलो. वडापाव खाल्ला. चहा घेतला. कुणाचं तरी बाळ रडत होतं, त्याला बिस्किट दिलं. दुपार कलल्यावर परतीच्या गाडीत बसलो, आणि दारात पाय टाकायच्या आधी चेहरा पाडून घेतला. मंगलनंच माझी समजूत घातली. म्हणाली, असू द्या, नशीब.

भ्यालो होतो. पोट फाडतील, अंगातलं एक काढून घेतील, पुढं मलाच काही झालं तर — हेच सगळं डोक्यात. पोरीकडं कोण बघणार, असं मी स्वतःला सांगायचो. पण दौंडच्या बाकावर मला पोरगी एकदाही आठवली नव्हती.

पुस्तक मी बाईंना परत दिलं. आठ-दहा दिवसांनी त्यांची सून सोबत आली नव्हती, तर बाहेर पाण्याच्या नळापर्यंत मी त्यांना हात धरून नेलं. त्या हळूच म्हणाल्या, "शेवट मी सुनेकडून पुन्हा वाचून घेतला, विलासभाऊ. मला राहवेना. असला शेवट कुणी कसा लिहील, म्हटलं."

मी काय बोललो असेन? म्हणालो, पानं चिकटली होती, बाई. अंदाजानं वाचलं.

त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "पुण्याला गेला होतात ना तुम्ही?" मी नळ सोडला. मग त्या म्हणाल्या, "मंगलला मी काही सांगणार नाही. ते तुमचं काम आहे." आत येऊन कॉटवर पडल्या आणि तात्यांशी उन्हाळ्याच्या गप्पा मारू लागल्या. मी ते चार तास कसे काढले, माझं मला ठाऊक. मशीन जरा वाजलं तरी वाटायचं, बाई आता बोलतील. बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

आणि मी? मी तरी बोललो का?

मंगल खंगत चालली होती. तेव्हा कऱ्हाटीहून सासूबाई आल्या, साठीच्या पुढच्या. आल्या आल्या म्हणाल्या, "जावईबापूंचं न्हाय जुळलं, मग माजं बगा." नऊवारीतली म्हातारी, पुण्याच्या दवाखान्यात लिफ्टमध्ये चढताना दचकायची. तिच्या तपासण्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि सरळ विचारलं, तुमची तपासणी झालीय का? मी म्हणालो, नाही. करायची आहे का? मी म्हणालो, नाही. मला भीती वाटते. त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत, घरच्यांना काही कळणार नाही म्हणाले. अशी माणसं ते बघत असणार. मी बाहेर आलो. सासूबाई बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "दोन घास खावा की, तोंड केवढंसं झालंय."

अजूनही वेळ होती. आत परत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी भाकरी खाल्ली.

सासूबाईंनी किडनी दिली. मंगलला ती लागू पडली, मंगल उभी राहिली, डायलिसिस सुटलं. सासूबाईंना मात्र पहिल्यासारखं होता आलं नाही. रानात जायचं बंद झालं, टाके दुखतात म्हणतात, थोडं चाललं तरी बसतात. कऱ्हाटीला गेलो की माझ्यासाठी उठून चहा टाकतात. मी नको म्हणतो. त्या टाकतातच, आणि मी पितो.

बाई त्याच वर्षी गेल्या. दिवस झाल्यावर त्यांचा मुलगा पुस्तक घेऊन दुकानात आला. "आईनं मंगलताईंना द्यायला सांगितलं होतं. त्यांनी स्वतः वाचावं, असा निरोप आहे." बाईंनी शब्द पाळला होता. सांगितलं काहीच नव्हतं. पुस्तक मी दुकानातल्या फळीवर वॉशरच्या खोक्यांमागं ठेवलं. फेकून देणार होतो, खरंच देणार होतो. एक दिवस मंगल दुकानात बसली होती, तिनं झाडताना ते काढलं. "ह्ये कधी आलं?" मी म्हणालो, बाईंच्या मुलानं दिलं, विसरलोच.

तिला वाचायची सवय नाही. ओळीखाली बोट ठेवून वाचायची. रोज दुपारी भांडी झाली की उंबऱ्यात बसायची. मी दुकानातून जेवायला आलो की आधी बघायचो, बोट कुठपर्यंत आलंय. बर्फातली बस आली. रेवतीचं दुखणं आलं. एका दुपारी बघितलं तर शेवटची चारच पानं राहिली होती. मी जेवलो, हात धुतले, दुकानात जायचं सोडून तिथंच पलंगावर बसलो.

तिनं पुस्तक मिटलं.

"कसं वाटलं?" मीच विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"शेवट न्हाय पटला," ती म्हणाली. "तुमी वाचलावता त्यो खरा वाटलावता. ह्यो खोटा वाटतुय. असा नवरा देतुय व्हय कुठं? आई देती."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. पुस्तक कपाटात ठेवलं आणि मला म्हणाली, दुकान उघडा, ऊन उतरलं.

त्यानंतर तिनं एक शब्द विचारलेला नाही. मीही सांगितलेलं नाही. माझी किडनी तिला जुळली असती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

आळीतल्या बायका अजून म्हणतात, नवरा असावा तर विलासभाऊंसारखा, बारामतीच्या किती खेपा केल्या, उशाशी बसून पुस्तकं वाचून दाखवली. पूर्वी मंगल यावर व्हय म्हणायची. आता ती उठून आत जाते. मी बाहेर बसून ते ऐकून घेतो.