तात्यांची आठ दिवसांची पुडी

तात्यांच्या हातात मोडीचं सोनं दिलं, की ते त्याच दिवशी कधीच भट्टीत जात नसे. भूमच्या एसटी स्टँडामागच्या बोळात त्यांचं सोनारकामाचं एवढंसं दुकान होतं. एखादी बाई गळ्यातलं मोडायला आली, की ते तिच्या नावाची कागदी पुडी बांधत आणि म्हणत, "गळ्यातून काढलेलं सोनं गरम असतंय. गार होऊ द्या. आठ दिसांनी या." निम्म्या बाया आठ दिवसांत येऊन पुडी परत नेत. धंदा बुडायचा आणि तात्या खूश. गावात त्यांचं नावच 'आठदिवशे तात्या' पडलं होतं.

माझी आई भूमजवळच्या आमच्या ईट गावच्या अंगणवाडीत मदतनीस. मानधनातून थोडं साठलं, की बाजाराच्या दिवशी ती तात्यांकडून एक मणी करून घ्यायची. आत लाख, वर सोन्याचा पत्रा. अशी मणी-मणी करत तिची बोरमाळ पुरी व्हायला माझं अख्खं लहानपण गेलं. माझ्या हातावर खडीसाखर ठेवत तात्या विचारायचे, "कुठवर आली गं आईची माळ?"

आई गेल्यावर वर्षभरानं मी तीच माळ मोडायला नेली. पुण्यात ऑफिसातले सगळे मोबाईलवर डिजिटल नाणी घेत होते, भाव रोज चढत होता आणि आपणच मागे राहतोय असं मला वाटायला लागलं होतं. तात्यांनी सगळं नीट विचारून घेतलं.

"भाजीवाली घेती का हे नाणं?"

"नाही."

"माझं सोनंबी घेत न्हाय ती," तात्या हसले. "समोरचा इचार न करता घेतो, त्यो पैसा. बाकी सगळी ठेव. फकस्त ठेव कुणाची हाय, ते ध्यानात ऱ्हावं."

आठ दिवस थांबायला मी तयार नव्हते. तोवर भाव निघून जाईल, मी म्हणाले. तात्यांनी हट्ट केला नाही. चष्मा लावून एकेक मणी पाहिला, एक बाजूला काढून पुडीत बांधला आणि बाकीचे तोलले. "ह्यो वजनात धरला न्हाय. आठ दिसांनी ये." पैसे तिथंच दिले. ते पर्समध्ये टाकताना मनात आलंच, शेवटी तात्यांनीही एक मणी मारला. मग चार वर्षं मी त्या बोळात पाऊल टाकलं नाही. ती नाणी अजून मोबाईलात आहेत, कधी वर, कधी खाली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात तात्या गेल्याचं कळलं. राहवलं नाही, म्हणून त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. त्यांच्या सुनेनं मला ओळखलं आणि आतून पुडी आणली. वर माझं नाव होतं.

"म्या कितींदा म्हणलं, फोन करू का. तर मामंजी म्हणायचे, नगं. तिचं सोनं गार व्हायचंय अजून."

तो माळेतला पहिला मणी होता. त्यावर बारीक खड्डे होते. तात्यांकडून ऐकलेलं सुनेनं मला सांगितलं. आईच्या मांडीवर बसून मी तो चावायचे, त्या माझ्या दुधाच्या दातांच्या खुणा. तात्या तेव्हा मणी बदलून देणार होते आणि आईनं नको म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात होतं, माझ्या नव्हतं. अशा माणसाला मी मनातल्या मनात चोर ठरवून बसले होते. मला रडू आवरेना.

सुनेनं मणी काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. एसटीत बसले तेव्हा तो गार लागत होता. ईट यायच्या आत गरम झाला.