आठही जण दोन हात टेकवत होते

टीव्हीवर पोहण्याच्या शर्यती लागल्या की मी उठून स्वयंपाकघरात जाते. घरच्यांना वाटतं मला कंटाळा येतो. कंटाळा कसला डोंबलाचा, राग येतो! त्यातही पुरुषांची ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत असली तर हातातलं भांडं आपटल्याशिवाय राहवत नाही. माझी मुलगी आता दहावीला आहे, म्हणजे बघा किती वर्षं झाली. राग काही गेला नाही, आणि तो कोणावर काढायचा हेही धड ठरलं नाही.

भंडाऱ्याहून शहापूरकडे जाताना महामार्ग सोडून आत वळलं की आमचं गाव. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आई धानाच्या रोवणीच्या, कापणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीला जायची. घरात पोरं दोन, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. गावाला लागून मोठा तलाव. त्याची पाळ, म्हणजे काठाचा मातीचा बांध, हेच आमचं मैदान, अंगण, सगळं काही.

तलावातून शेतांना पाणी सोडायचा जो दगडी दरवाजा असतो त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. आमची शर्यत ठरलेली. पलीकडच्या काठावरून पाण्यात शिरायचं आणि जो तुडुमाचा दगड आधी शिवेल तो जिंकला. शिवायचं एका हातानं. दगड जवळ आला की एक खांदा पुढे टाकायचा, अंग आडवं करायचं, बोटं ताणायची. तेवढ्यानं वीतभर फायदा होतो, आणि वीतभरातच पोरं हरतात. या खांदा टाकण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. माझ्याहून मोठी पोरं हरली की तोंडं पाडून बसायची, आणि मी पाळीवर उभी राहून त्यांना चिडवायची.

मी तेरा वर्षांची झाले आणि एके दिवशी बाबा म्हणाले, "झालं आता. मोठी झालीस तू. लोकं पाहतेत." संपलं! ना भांडण, ना चर्चा. दुसऱ्या दिवसापासून मी पाळीवर कपडे धुवायला जायची आणि पाण्यात पोरं दंगा करायची. त्यांचं ते वाकडंतिकडं पोहणं बघून माझं डोकं तडकायचं. "अबे, पाय मार ना! झोपला काय?" असं काठावरून ओरडायची मी. ओरडायला मनाई नव्हती.

मग मी भावाला धरलं. त्याला बेडकासारखं पोहणं जमायचं, म्हणजेच ब्रेस्टस्ट्रोक, पण ते नाव आम्हाला फार उशिरा कळलं. त्याचे पाय विलक्षण होते. शिंगाड्याच्या वेली पसरलेल्या भागातून लोक वळसा घालून जातात, हा सरळ मधून जायचा. स्वभावानं अगदी गरीब. दहा शब्दांच्या जागी दोन बोलणार. मी म्हटलं पोह, की पोहणार. मी म्हटलं आणखी एकदा, की ओठ निळे पडले तरी आणखी एकदा.

पुढे एका वर्षी रोवणीचे दिवस होते आणि टीव्हीवर कुठल्यातरी मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं पोहणं दाखवत होते. पुरुषांच्या ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत लागली आणि आम्ही दोघं जागचे हललो नाही. आपण तलावात करतो तेच हे लोक करतात, याचा आनंद काय सांगू! इंग्रजीत कोणीतरी तारस्वरात बोलत होता, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी दोघं अगदी बरोबरीनं आले आणि एकजण केसभरानं हरला. मग ते शेवटचे क्षण पाण्याखालून, हळूहळू, पुन्हा दाखवले. आठ पट्ट्यांत आठ जण. आठही जण भिंतीला दोन हात टेकवत होते. एकदम, जोडीनं.

आता कोणत्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात काय आलं असतं? की जगातले आठ सर्वांत चांगले पोहणारे एकच गोष्ट करतात, तर तिला काही कारण असेल. माझ्या डोक्यात काय आलं? की हे आठही जण येडे आहेत! "पाह्य रे," मी भावाला म्हटलं, "तो एक हात पुढे टाकता तं जिंकला असता. इतक्या दुरून आले, इतकी मेहनत केली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही." भाऊ म्हणाला, "हो ना ताई." माझी छाती अशी फुगली की काही विचारू नका. तुडुमाच्या दगडानं मला शिकवलेली गोष्ट त्या गोऱ्या लोकांना माहीत नाही! मी त्याच दिवशी त्याला पाळीवर नेलं आणि खांदा टाकायला शिकवलं. वर्षभर मी तेच घोटून घेतलं. दोरीनं अंतर मोजून मी पाण्यात बांबू रोवला होता. तुडुमाचा दगड शिव, पाय लाव, वळ, बांबूपर्यंत जा, परत ये. मी घड्याळ घेऊन पाळीवर. येणारे-जाणारे म्हणायचे, "मास्तरीणबाई, आमाले बी शिकवा ना!" म्हणू दे. माझं लक्ष भावाच्या उजव्या हाताकडे.

कारण एव्हाना आम्हाला एक गोष्ट कळली होती. शाळेच्या स्पर्धांमध्ये विभागात पहिला आलेल्या पोराला पुण्याकडच्या खेळाडूंच्या वसतिगृहात घेत होते. राहणं, जेवण, शाळा, पोहणं, सगळं तिथं. वयाच्या हिशेबानं भावाचं हे शेवटचं वर्ष होतं. बाबांनीसुद्धा, ज्यांनी मला पाण्याबाहेर काढलं त्याच बाबांनी, डेपोत सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगा पुण्याला चालला. मला वाईट वाटलं का? वाटलं ना. पण मी ठरवलं होतं, मी नाही तर नाही, तो जाईल. मी शिकवलेला जाईल.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालेलं होतं. तिकडची पोरं तिकडे गेली आणि आमच्या जिल्ह्यातून त्या वयोगटात ब्रेस्टस्ट्रोकला माझा भाऊ एकटाच उरला. निवड करायला एक साहेब आमच्याच तलावावर आले. त्यांच्यासाठी पाळीवरच्या झाडाखाली खुर्ची टाकली. पोहे झाले, चहा झाला. भाऊ बांबूपर्यंत जाऊन परत आला, तेव्हा साहेब फोनवर कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलचं बोलत होते. मी मुद्दाम विचारलं, अगदी हात जोडून विचारलं, "साहेब, काही चुकते काय? सांगा, सुधारून घेऊ." साहेब म्हणाले, "एकदम बढिया! पाय तं जबरदस्त मारते पोरगा." आणि कागदावर सही केली. हे वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे. एकदम बढिया म्हणे!

विभागाची स्पर्धा नागपुरात होती. बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून भावासोबत मी गेले. तरणतलाव आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तळ दिसणारं पाणी! भावानं वाकून हात घातला आणि हसला. बाकीची पोरं टोप्या, चष्मे घालून, प्रत्येकाजवळ शिकवणारा माणूस, शिट्टी, पिशवीत केळी. माझ्या भावाजवळ मी आणि डब्यातली भाकर. सकाळी सराव करायला सगळ्यांना पाण्यात सोडलं, तेव्हा मला आत येऊ दिलं नाही. मी वर पायऱ्यांवर बसले. आमच्या जिल्ह्याचे ते साहेबही आले होते, त्यांच्या मागच्या ओळीत.

शिट्टी झाली. शंभर मीटर, म्हणजे जाऊन परत यायचं. अर्ध्यातच भाऊ पुढे निघाला. पुढे म्हणजे किती, तर बाकीचे त्याच्या पायांचं पाणी खात होते! पलीकडच्या भिंतीला त्यानं सुंदर खांदा टाकून दगड शिवावा तसा उजवा हात लावला आणि वळला. तिथं खुर्चीवर बसलेल्या बाईनं हात वर केला. मला वाटलं, पहिला आला म्हणून केला असेल. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! भाऊ परत आला तेव्हा दुसरा पोरगा चांगला अंगभर मागे होता. तरीही त्यानं शेवटी खांदा टाकला, एक हात ताणला, वर्षभर मी शिकवला होता तसाच. त्या वीतभराची काही गरज नव्हती. दोन काय, चार हात टेकवत बसला असता तरी तो पहिलाच होता.

नावं पुकारली. पहिलं नाव मागून आलेल्या पोराचं. दुसरं, तिसरं, आणि आमचं कुठंच नाही. मी पायऱ्या उतरून थेट पंचांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "डोळे फुटले काय तुमचे?" तिथं एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चिडण्याऐवजी एक पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर बाद. "बेटा, हा पहिला धडा आहे," ते म्हणाले. "जिल्ह्यात कोणी सांगितलं नाही का?"

मी वळून साहेबांना शोधलं. साहेब समोसा खात होते. मला बघून म्हणाले, "अरे, मले वाटलं तुमाले माहीत असन. आणि पोरगी कोच म्हटल्यावर असंच होते." बाजूचे दोघं हसले. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लग्नाचा हॉल, पोहे, चहा, सगळं काढलं. दोन माणसांनी मला दारापर्यंत आणून सोडलं. एकाच गोष्टीची खंत आहे, की त्या माणसाला समोशासकट पाण्यात ढकलायचं राहून गेलं.

संध्याकाळच्या एसटीत बसलो. भाऊ खिडकीशी, मी त्याच्या बाजूला. माझं तोंड थांबत नव्हतं. साहेबाला शिव्या, त्या हात वर करणाऱ्या बाईला शिव्या, पुस्तक लिहिणाऱ्यांना शिव्या. एक वर्ष, म्हटलं, एका वर्षात एका माणसाला एक वाक्य सांगता आलं नाही? कोणी एकानं तरी सांगायचं होतं!

भाऊ म्हणाला, "ताई, एकानं सांगितलं होतं."

"कोणी?"

"सकाळी सरावात. बाजूच्या पट्टीतला पोरगा. म्हणे, दोन्ही हात टेकव, नाही तं बाद करतीन."

"मंग?" मी विचारलं. "मंग काहून नाही टेकवले?"

"मले वाटलं फसवून राहिला," तो म्हणाला. "बाकीचे बी दोनच टेकवत होते, पाहिलं मी. पण तू तं सांगितली होती ना, की टीव्हीवरच्या लोकायले बी माहीत नाही म्हणून."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. पूर्ण ताकदीनं, भरल्या गाडीत. तो गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या बाकावरची म्हातारी टोपली सांभाळत मागे वळली. "काहून मारतेस व बाई त्या पोराले?" ती म्हणाली. "काय केलन त्यानं?"

"माझं ऐकलं," मी म्हणाले.