जिन्यातला डबा

भागीबाईला आठ महिने जिन्यात बसून जेवावं लागलं, आणि तेही कशापायी, तर सुकटीपायी!

पेठच्या डोंगरातून नाशकात आलेली ही बाई इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये वल्लरीताईंकडे स्वयंपाक करते. पुरणपोळी सांगा, पास्ता सांगा, हात हुकायचा नाही. दुपारचा तिचा डबा ठरलेला: नागलीची भाकर आणि सुकटीचं कालवण. पहिल्याच आठवड्यात तो ओट्याजवळ उघडला, तर ताईंनी नाकाला ओढणी लावली, भराभर खिडक्या उघडल्या आणि गोड आवाजात सांगितलं, की लेकराला हा वास सोसत नाही, तुम्ही बाहेर खात जा. बाहेर म्हणजे जिन्यात, चपलांच्या कपाटाशेजारी. भागीबाई डबा उचलून जिन्यात जाऊन बसली. हे काम सुटलं तर पुन्हा गावची वाट धरावी लागणार होती.

गेल्या महिन्यात त्या घरात जपान अवतरलं. मिसो सूप म्हणे लहान पोरांना फार चांगलं, आणि सगळ्या घरालाही. दोन वर्षांच्या रेवासाठी सामान आलं. भागीबाईनं पाकीट फोडलं मात्र, आणि ती थबकलीच. आत लाकडाच्या सालपटांसारखे पातळ काप, आणि वास? अहो, सुकी मासळी, दुसरं काय!

विचारलं तर ताई कौतुकानं म्हणाल्या, की हो, जपानी मासा आहे, किती छान सुगंध येतो ना. सुगंध! भागीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडली?

पण अन्नावर राग काढणं तिला जमत नाही. तिनं काप गरम पाण्यात मुरवले, पाणी गाळून त्यात गाजर, पालक, टोफू शिजवला. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, तो गॅस बंद करून कालवला. रेवाची वाटी त्याआधीच वेगळी काढली. पोरांचा वाटा मीठ-मिरचीच्या आधी काढायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. रेवानं वाटी चाटूनपुसून संपवली. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. घरभर वास भरला, पण एकही खिडकी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागीबाईनं डबा उचलला, दाराकडे एकदा पाहिलं आणि ओट्याखालीच बसकण मारली. काम गेलं तर जाऊ दे मेलं. तिनं झाकण काढलं.

वल्लरीताई आतून आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. त्या बोलणार, एवढ्यात रेवा दुडुदुडु धावत आली, डब्यावर वाकून हुंगत खुशीत "सूप" म्हणाली आणि तोंड उघडून उभी राहिली.

भागीबाईनं भाकरीचा मऊ तुकडा मोडला, पण भरवला नाही. तिनं ताईंकडे पाहिलं.

"इथंच भरवू का ताई, का हिला पण जिन्यात घेऊन जाऊ?"